बोरघाट आणि महामारी

सह्याद्रीच्या ज्या माथ्याजवळ इंद्रायणी उगम पावते आणि कोकणातून वर चढलेले ढग जेथे आपला भार प्रथम रिता करतात, तेथील लोणावळा हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भातखाचरांच्या कडेला वसलेले एक लहानसे गाव होते. आणि तरीही मुंबई बंदर व दख्खनचे पठार यांच्यामधील बरेचसे दळणवळण ज्या खिंडीतून चालत असे त्या बोरघाटाच्या, म्हणजेच खंडाळ्याच्या घाटाच्या, तोंडाशी हे गाव असल्यामुळे, मुलखातील लष्करे, वंजाऱ्यांचे तांडे, यात्रेकरू, मजूर आणि दुष्काळाने देशोधडीला लागलेली रयत यांच्यापैकी फार थोडेच त्याला टाळून जाऊ शकत. त्यांच्याबरोबर आलेल्या रोगांनाही हीच वाट होती. 1818 ते 1918 या शतकभरात या घाटाने चार मोठ्या साथी पाहिल्या. त्यांचा क्रम लावून पाहताना माझ्या मनात एक गोष्ट दृढ होत गेली, ती अशी की, रोगाचे बीज सृष्टीने दिले असले तरी त्याला वाट, वेग आणि भक्ष्य ही तिन्ही माणसाच्या व्यवहाराने पुरविली.

पहिली साथ घाट उतरून गेली. 1817 च्या पावसाळ्यात बंगालमधील जेसोरकडे पटकीचा जो उद्रेक झाला, तो त्याच वर्षाच्या अखेरीस बुंदेलखंडात पेंढाऱ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत शिरला. पेशवाईच्या अंताचा तो काळ असल्यामुळे सगळा मध्य हिंदुस्थान आणि दख्खन फौजांनी गजबजलेला होता, आणि नागपूर, जालना, औरंगाबाद, अहमदनगर अशी मजल दरमजल करीत 1818 च्या पावसाळ्यात ही व्याधी पुण्यास पोहोचली. पुण्याहून बोरघाटाने पनवेल, आणि पनवेलहून ऑगस्टमध्ये मुंबई, असा तिचा पुढील प्रवास झाला. जेसोर ते मुंबई हे अंतर कापण्यास तिला वर्षभर लागले. कारण बैल, घोडा आणि पायदळ शिपाई यांच्या चालीपेक्षा अधिक वेगवान असे वाहन तिला त्या काळी उपलब्धच नव्हते. गाडीवाटही तोवर नव्हती. ती गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत 1830 मध्ये खुली झाली.

वाटेचे रूप पालटले ते आगगाडीने. 1853 मध्ये मुंबई ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाल्यावर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यापुढे सह्याद्रीचा प्रश्न उभा राहिला, आणि सुमारे सोळा मैलांच्या अंतरात 1,831 फूट चढणारा, 25 बोगदे आणि 8 दगडी पुलांचा मार्ग त्यांनी आखला. काम 1856 मध्ये सुरू झाले. पुणे ते खंडाळा हा वरचा भाग 1858 च्या जूनमध्ये आधीच तयार झाल्यामुळे, मधला घाट उतारूंना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागे. आणि त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर, दोरांना लोंबकळून सुरुंगाची भोके पाडणाऱ्या हजारो माणसांच्या छावण्या पसरलेल्या त्यांना दिसत.

ही माणसे येथे का आली, हे समजल्यावाचून पुढचा अनर्थ समजणार नाही. दख्खनच्या कोरडवाहू जमिनीत सुगी संपल्यावर हाताला काम नसे, सारा रोकड भरावा लागे, सावकाराचे देणे थकलेले असे. तेव्हा देशावरचे व कोकणातले शेतकरी, भूमिहीन मजूर आणि दगडकामात निष्णात असलेले वडार बायकामुलांसह घाटात येत आणि मृगाच्या तोंडावर परत जात. मुसळधार पावसात काम चालणे अशक्य असल्यामुळे हंगाम दसऱ्यानंतरचा आणि उन्हाळ्याअखेरपर्यंतचा. 1861 च्या प्रारंभी ही संख्या 42,000 वर गेल्याची नोंद आहे. एवढी वस्ती त्या काळी पुणे जिल्ह्यात खुद्द पुणे वगळता क्वचितच कोठे असेल. आणि ती ना रस्ते, ना विहिरी, ना शौचकूप अशा उघड्या डोंगरावर उभी होती.

आता मावळच्या भूमीचा एक विपरीत स्वभाव येथे सांगितला पाहिजे. ज्या लोणावळ्यास आषाढ-श्रावणात पावसाचे मोजमाप करता येऊ नये अशी स्थिती असते, तेथेच फाल्गुन उजाडला की ओढे आटतात. कारण सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी धरून ठेवीत नाही, ते जसे येते तसे उतारावरून निघून जाते. म्हणजे जेव्हा घाटात माणूस नसे तेव्हा पाणी अमाप, आणि जेव्हा चाळीस हजार माणसे राबत तेव्हा एखाद्या झऱ्याच्या डबक्यावर सगळ्यांची तहान. पिणे, धुणे आणि मलविसर्जन यांच्यासाठी त्याच डबक्याचा परिसर, अशी ही रचना पटकीला मुद्दाम आवतण देण्यासारखी होती. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी 1854 मध्ये पाण्याच्या पंपाशी पटकीचा संबंध दाखवून दिला होता खरा, पण बहुतेक डॉक्टर आणि अंमलदार अद्याप दूषित हवेलाच दोष देत होते. पटकीचा जंतू कॉख यांनी कलकत्त्यास निश्चित केला तो पुढे तीस वर्षांनी, 1884 मध्ये.

कामाची व्यवस्था मक्त्याची होती. पहिला मक्तेदार फॅव्हिएल याने पोटमक्तेदार नेमले, त्यांनी मुकादम नेमले, आणि मजुराच्या हाती पडेपर्यंत मजुरी इतक्या हातांतून जाई की 1859 च्या जानेवारीत वेतनाच्या तंट्यावरून घाटात दंगा उसळला. थोड्याच दिवसांत फॅव्हिएलने मक्ता सोडला. नवा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल त्या वर्षाच्या अखेरीस विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने जाणत्या अभियंत्यांच्या साहाय्याने काम तडीस नेले, ही कथा पुष्कळदा सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीही आहे. परंतु त्याच 1859-60 च्या हंगामात पटकीने छावण्यांतून जो संहार केला त्याची कथा तितकी सांगितली जात नाही. साथ लागली की मजूर पळून जात, काम थांबे, मग मजुरीची आशा दाखवून नवे मजूर दुसऱ्या गावांहून आणले जात, आणि पळालेले आपापल्या गावच्या पाणवठ्यावर रोग नेऊन पोहोचवीत. 1863 च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. त्या सोळा मैलांत पुरली गेलेली अथवा जाळली गेलेली माणसे किती, याचा निश्चित आकडा नाही. मजुरांचे मृत्यू मोजणे मक्त्याच्या कलमांत नव्हते.

आगगाडी सुरू झाल्यावर लोणावळ्याचे भाग्य उजळले. घाट चढणाऱ्या गाड्यांना जोडावयाची जादा इंजिने येथे राहू लागली, त्यांच्याबरोबर कारखाना, कामगारांच्या चाळी, अंमलदारांचे बंगले आणि बाजार आला. 1877 मध्ये नगरपालिका स्थापन झाली, आणि मुंबईच्या धनिकांनी थंड हवेसाठी लोणावळा-खंडाळ्यास बंगले बांधले. पनवेलहून पुण्याकडे दोनतीन दिवसांत जे अंतर काटले जाई, ते आता एका दिवसाच्या आत, आणि रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वीच, काटता येऊ लागले. याचा अर्थ काय, हे 1896 साली कळून आले.

हाँगकाँगला 1894 मध्ये ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, जो उद्रेक झाला तो जहाजांच्या मार्गाने मुंबईस आला. मुंबईत मांडवी भागात बंदरालगत धान्याची मोठमोठी कोठारे होती. कोठारांवर आणि शेजारी माणसांनी खच्चून भरलेल्या चाळी होत्या. गटारे तुंबलेली होती. आणि पोत्यांच्या राशींत उंदरांचे राज्य होते. तेथे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर 1896 मध्ये या तापाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखले. उंदीर आधी मरतात हे लोकांनी पाहिले होते. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते, हा पॉल-लुई सिमोंद यांचा शोध 1898 चा, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी दहाएक वर्षे लागली. तोपर्यंत सरकार माणसांच्या मागे धावत राहिले आणि उंदीर पोत्यांबरोबर निर्वेध प्रवास करीत राहिला.

ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबई म्युनिसिपालिटीने रोग्यांना सक्तीने वेगळे करण्याचा जाहीरनामा काढला. हेतू वाईट नव्हता. परंतु ज्या गिरणी कामगाराला एका खोलीत कुटुंबासह राहावे लागे, ज्याचे आजारपण म्हणजे रोजगाराचा अंत, आणि ज्याला इस्पितळ म्हणजे जेथून कोणी परत येत नाही अशी जागा वाटे, त्याच्या दृष्टीने हा हुकूम रोगापेक्षाही भयंकर होता. 29 ऑक्टोबर रोजी सुमारे हजार कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, आणि त्याच सुमारास शहर ओस पडू लागले. 1897 च्या प्रारंभापर्यंत साडेआठ लाखांच्या आतबाहेर असलेल्या शहरातून साडेतीन लाखांहून अधिक लोक निघून गेले होते. गिरण्यांत हात इतके कमी पडले की मजुरी महिन्याच्या महिन्याला देणाऱ्या मालकांना ती रोजच्या रोज द्यावी लागली, आणि नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागली. ज्यांचे घाटमाथ्यावर बंगले होते ते बंगल्यांवर गेले. ज्यांचे नव्हते ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोंबून आपल्या गावी निघाले. साथ आवरण्यासाठी काढलेल्या हुकुमानेच ती साथ इलाखाभर पसरविण्यास हातभार लावला, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाट चढणारी गाडी माणसांबरोबर धान्यही वाहत होती, आणि हे विसरता कामा नये. 1896 चा पाऊस दख्खनमध्ये फसला होता. दुष्काळी मुलखाला धान्य पुरवायचे तर ते बंदरातून, म्हणजे मांडवीच्या त्याच कोठारांतून, घाटावर चढवावे लागे. भुकेल्या मुलखाला धान्य हवे, धान्याला गोणी हवी, आणि गोणीत पिसू; दुष्काळ आणि प्लेग हे एकमेकांचे हात धरून आले ते असे.

सरकारने फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला. त्यात रेल्वेने अथवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आगगाडीच होती. घाटाच्या पायथ्याकडे, कल्याण स्थानकावर, उतारूंना खाली उतरवून डॉक्टर त्यांच्या काखा-जांघा चाचपीत. बायकांची तपासणी, तिसऱ्या वर्गाच्या माणसांच्या लांबच लांब रांगा आणि संशयितांची वेगळ्या छावणीत रवानगी यांनी लोक इतके धास्तावले की पुष्कळ जण अलीकडेच उतरून आडवाटेने पायी जाऊ लागले, आणि मग त्यांची नोंद कोठेच राहिली नाही.

पुण्याची हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीअखेर साथ भरात आली, निम्मे शहर रिकामे झाले. मार्चपासून प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळण्यास सुरुवात केली. त्याच मार्चच्या 10 तारखेस, मुंढव्याच्या महारवाड्यातून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुत्र यशवंतराव यांच्या इस्पितळात पोहोचविणाऱ्या सावित्रीबाई फुले याच रोगाने निवर्तल्या. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडणारे चाफेकर बंधू मूळचे चिंचवडचे, म्हणजे याच लोहमार्गावरचे. साथीचा रोष सत्तेवर कसा वळतो आणि इतिहासाला कोणते वळण देतो, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

मावळातील खेड्यांचा अनुभव मात्र निराळा, आणि त्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. खेडुतांनी एक नियम अनुभवाने शोधून काढला: घरात उंदीर पडला की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. शास्त्रज्ञांनी पुढे जे उपाय सर्वांत गुणकारी ठरविले त्यांत या गाव सोडण्याचा समावेश होता. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतलेली लस गावोगाव पोहोचण्यापूर्वी लाखो जीव या साध्या उपायाने वाचले असतील. परंतु उपायालाही भूगोल असतो. पूर्व मावळात, वडगाव-तळेगावच्या कोरड्या माळावर, झोपडीत दोन महिने काढता येतात. लोणावळ्याच्या बाजूस श्रावणात उघड्यावर एक रात्रही काढता येत नाही. शिवाय ज्याच्या घरात धान्याची कणगी आहे त्याला ती सोडून जाणे जड, आणि ज्याच्या घरात काही नाही त्याला रोजगार सोडून जाणे त्याहून जड. थंड आणि दमट हवेत पिसू जगते, वैशाखाच्या रखरखाटात मरते; म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात साथ ओसरे, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा डोके वर काढी. हा फेरा कित्येक वर्षे चालला. मुंबईची लोकसंख्या 1891 मध्ये 8,21,764 होती, ती 1901 मध्ये 7,76,006 भरली. आणि सबंध हिंदुस्थानात पुढील दोन दशकांत प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

चौथी साथ आली ती महायुद्धाच्या अखेरीस. 1918 च्या मे महिन्याअखेर फौजेचे एक जहाज मुंबईच्या बंदरास लागले, आणि 10 जून रोजी गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन इस्पितळात दाखल झाले, असे मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी नमूद केले आहे. ही इन्फ्ल्युएन्झाची पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरमध्ये आली आणि तिला महाराष्ट्राने ‘मानमोडी’ असे नाव दिले. प्लेगला उंदीर लागत असे, पटकीला पाणी. हिला फक्त श्वास पुरे होता, आणि तो आगगाडीच्या डब्यात मुबलक होता. मुंबईत 6 ऑक्टोबर रोजी एका दिवसात 768 माणसे मेली. त्यानंतर काही आठवड्यांतच ती इलाख्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचली.

रोग सर्वांना सारखाच लागतो अशी समजूत आहे. टर्नर यांनी मुंबईतील या साथीच्या मृत्यूंचे जे प्रमाण काढले ते तिला छेद देते: दर हजारी युरोपियनांत 8.3, पारशांत 9, सवर्ण हिंदूंत 18.9, मुसलमानांत 19.2, आणि ज्यांना त्या काळचे दप्तर खालच्या जातीचे हिंदू म्हणते त्यांच्यात 61.6. विषाणू जात ओळखत नाही; परंतु तो ज्या खोलीत शिरतो तिला खिडकी आहे की नाही, आजाऱ्याच्या पोटात पेज गेली आहे की नाही, आणि चार दिवस काम न करता त्याला पडून राहता येते की नाही, हे या देशात जातीने आणि मिळकतीने ठरविलेले होते.

त्या वर्षी निसर्गानेही हात आखडला. पावसाने लवकर पाठ फिरविली. युद्धामुळे धान्य आणि कापड महागले होते, कित्येक डॉक्टर लष्कराच्या सेवेत परदेशी गुंतले होते. बंगालपेक्षा मुंबई इलाख्यात आणि मध्य प्रांतात मृत्यू पुष्कळ अधिक झाले, त्याच्या कारणांत या अवर्षणाची आणि दिवसा-रात्रीच्या तापमानातील तफावतीची गणना केली जाते. साथ कळसास पोहोचली ती आश्विनात, आणि नेमकी हीच भात कापणीला येण्याची वेळ. मानमोडीने निवडली ती मुख्यतः वीस ते चाळीस वर्षांची माणसे, म्हणजे विळा धरणारे हात. आणि त्यांतही स्त्रिया अधिक, कारण घरातील सगळ्या आजाऱ्यांची उशाशी बसून शुश्रूषा त्यांनी करायची आणि स्वतः शिळेपाके खाऊन राहायचे, ही घराघरांतली रीत होती. कापणाराच अंथरुणास खिळला की उभे पीक शेतात झडते, पुढील वर्षाचे बियाणे राहत नाही, आणि साथ गेली तरी तिची भूक मागे राहते.

लोणावळ्याभोवती त्या काळात पुन्हा एकदा मजुरांचे तांडे जमलेले होते, ही गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील तलाव बांधून 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली होती, आणि आंदर मावळात ठोकळवाडीच्या धरणाचे काम चालू होते. साठ वर्षांपूर्वी घाट फोडणाऱ्यांप्रमाणेच हे मजूरही कोरडवाहू मुलखातून पोटासाठी आलेले आणि दाटीच्या झोपड्यांतून राहणारे. ज्या गिरण्यांना येथील पाण्याने वीज पुरविली, त्यांच्याच कामगारांना घेऊन येणारी गाडी ताप घेऊन घाट चढत होती.

सरकारी यंत्रणा या वेळी जवळजवळ निष्प्रभ ठरली. 1897 ची दडपशाही पुन्हा करण्याचे धैर्य तिला नव्हते, आणि दडपशाहीवाचून दुसरे काय करायचे हे तिने शिकून घेतले नव्हते. उणीव भरून काढली ती लोकांनी. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी मुंबईत चाळीचाळींतून औषध, दूध आणि कांबळी पोहोचविली. ज्या वस्त्यांत पूर्वी शिपाई शिरले की दारे बंद होत, तेथे स्वयंसेवकांना दारे उघडी मिळाली. दोन साथींच्या मधल्या वीस वर्षांत महाराष्ट्राने काही कमावले असेल तर ते हे, असे मी मानतो. पण ही मदत शहरांपुरतीच राहिली. घाटमाथ्यावरच्या वाड्यांपर्यंत ना डॉक्टर पोहोचला ना दूध.

मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांहून अधिक माणसे दगावली असे धरले जाते. 1921 च्या खानेसुमारीत आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली. खानेसुमारीच्या सगळ्या इतिहासात अशी घट त्या एकाच दशकात झालेली आहे. खेड्यापाड्यांत जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याचे काम गावकामगारांकडे होते. रोगाचे निदान करणे त्यांना शक्य नव्हते आणि मानमोडीसाठी तक्त्यात रकाना नव्हता. म्हणून 1918 च्या त्या शरद ऋतूत मेलेल्या बहुतेक माणसांच्या नावापुढे, मृत्यूचे कारण म्हणून, ‘ताप’ एवढाच शब्द लिहिलेला आहे.